आईचं दगडफूल आणि अंगणातला ओक

गेल्या ऑक्टोबरात आई आमच्याकडे मेरीलँडला आली होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन ती मागच्या अंगणात गेली आणि पाच मिनिटांत तिची हाक आली, "अगं, इकडे ये लवकर. तुमच्या झाडाला तर दगडफूल लागलंय!"

मागे एक जुना ओक आहे. त्याच्या खोडावर छातीच्या उंचीपासून वर पिवळसर हिरव्या रंगाच्या, कडेला झालर असलेल्या चकत्या पसरल्या आहेत. काही रुपयाएवढ्या, काही पोळीएवढ्या. मी त्या रोज बघत होते, पण 'शेवाळ असेल' म्हणून सोडून दिलं होतं. आईनं नखानं एक तुकडा उचकटला, नाकाशी धरला आणि म्हणाली, "वास नाही अजून. वाळवलं की येईल. यंदाचा गोडा मसाला इथंच करू."

योगायोग असा, की त्याच आठवड्यात फांद्या छाटायला एक माणूस आला होता. वरची एक मोठी फांदी वाळली होती, ती काढायची होती. त्यानं त्याच हिरव्या चकत्यांकडे बोट दाखवून सांगितलं, "झाडाला बुरशी लागली आहे. दोन-तीन वर्षांत जाईल. आत्ताच पूर्ण तोडून घ्या." आणि खर्चाचा आकडा लिहून दिला.

म्हणजे एकाच गोष्टीत आईला मसाला दिसला आणि त्याला रोग. दोघांपैकी कोण बरोबर, हे ठरवण्याआधी ते नक्की आहे काय, हे कळायला हवं होतं. पुढचे दोन शनिवार मी भिंग घेऊन त्या झाडापाशी घालवले. तुमच्याही अंगणात, शाळेच्या वाटेवर किंवा बागेत ओक, मेपल, हिकरी असेल, तर हे सगळं तुम्हालाही करून बघता येईल.

बुरशीचं घर, शैवालाची शेती

या चकत्या म्हणजे लायकेन. मराठीत शैवाक. शेवाळाशी नाव जुळत असलं तरी शैवाक म्हणजे शेवाळ नव्हे. एक बुरशी आणि तिच्या पोटात राहणारं सूक्ष्म शैवाल, असा तो जोडसंसार असतो. बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते. शैवाल सूर्यप्रकाशावर साखर तयार करतं आणि दोघांचं भागतं. सिमोन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानं १८६७ साली हे प्रथम मांडलं तेव्हा त्या काळच्या बऱ्याच शैवाकतज्ज्ञांना ते अजिबात पटलं नव्हतं. २०१६ साली टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी अनेक शैवाकांच्या सालीत तिसरा भिडू, एक यीस्टसारखी बुरशीही, सापडल्याचं दाखवलं. शास्त्रीय नाव मात्र मुख्य बुरशीचंच असतं. घराच्या पाटीवर एकाचंच नाव, तसं.

म्हणजे 'बुरशी आहे' हे त्या माणसाचं म्हणणं अर्धं खरं होतं. पण ही बुरशी झाडावर जगत नाही, आपल्या शैवालावर जगते. त्याकडे पुढे येऊ.

शैवाकांचे ढोबळ तीन आकार असतात. रंग फासल्यासारखे सालीला घट्ट चिकटलेले, पानासारखे सुटे पसरलेले आणि झुडपासारखे किंवा दाढीसारखे लोंबणारे. आमचं पानासारखं होतं, कारण कडा नखानं उचलता येत होत्या आणि वरची-खालची बाजू वेगळी दिसत होती. पण पूर्व अमेरिकेत रुंद पानांच्या झाडांवर पानासारखी शैवाकं एकदोन नाहीत, अनेक आहेत. त्यातलं हे कुठलं?

रंग कोरड्यात बघा

पहिला नियम: पाऊस पडून गेल्यावर रंग ठरवायला जाऊ नका. शैवाक भिजलं की त्याची वरची साल पारदर्शक होते आणि आतलं शैवाल दिसू लागतं. मग राखाडी शैवाकसुद्धा हिरवंगार भासतं. उन्हाळी दिवशी दुपारी बघितलं की खरा रंग कळतो.

पूर्व अमेरिकेतल्या ओकवर दोन मुख्य रंग दिसतील: पिवळसर हिरवा आणि निळसर राखाडी. हा फरक रसायनांचा आहे. पिवळसर छटा असलेल्यांच्या सालीत उस्निक आम्ल असतं. ते उन्हाच्या झळांपासून आतल्या शैवालाचं रक्षण करतं. राखाडी असलेल्यांच्या सालीत बहुधा ॲट्रॅनोरिन नावाचा रंगहीन पदार्थ असतो. आमचं शैवाक कोरडं असताना कच्च्या कैरीच्या फोडीसारखं, हिरव्यावर पिवळसर झाक असलेलं होतं. म्हणजे निम्मी यादी इथंच गळाली.

पाळ्या, पीठ आणि खुंट

दुसरी गोष्ट पाळ्यांची. कानाची पाळी असते तशा गोलसर, रुंद पाळ्या, की अरुंद पट्ट्या? आमच्या पाळ्या गोल होत्या, बोटाच्या पेराएवढ्या रुंद, आणि चकतीच्या मध्याकडे जाताना सुरकुतलेल्या.

तिसऱ्या गोष्टीसाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. घड्याळजी किंवा सोनार वापरतात तसलं छोटं भिंग पुरतं. पृष्ठभागावर काय आहे ते नीट बघायचं. शैवाकाला नवीन जागी संसार थाटायचा तर बुरशी आणि शैवाल दोघांनी बरोबर जायला हवं. त्यासाठी त्यानं दोन युक्त्या काढल्या आहेत. एक म्हणजे पीठ: साल फुटून बाहेर आलेले कण, ज्यात बुरशीच्या धाग्यांत गुंडाळलेलं शैवाल असतं. यांना सोरेडिया म्हणतात. दुसरी म्हणजे खुंट: सालीसकट वर आलेले सूक्ष्म दांडे, जे मोडून पडतात आणि वाऱ्या-पावसाबरोबर जातात. हे आयसिडिया. पीठ की खुंट, या एका प्रश्नावर कितीतरी प्रजाती वेगळ्या होतात.

भिंगातून आमच्या शैवाकाच्या मधल्या भागावर रव्यासारखे भरड कण दिसले. बोट फिरवलं तर बोटाला लागले. म्हणजे पीठ. खुंट नव्हते.

पोळी उलटून बघा

चौथी पायरी लोक विसरतात, आणि तीच सगळ्यात जास्त सांगून जाते. शैवाक उलटं करून बघायचं. कोरडं शैवाक कुरडईसारखं मोडतं, म्हणून आधी कडेला चार थेंब पाणी घालायचं, मिनिटभर थांबायचं आणि मग सुरीच्या टोकानं कडेचा छोटासा तुकडा उचलायचा. छोटासाच. ही मंडळी वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. तळहाताएवढी चकती व्हायला दहा-पंधरा वर्षं सहज लागतात.

आमच्या तुकड्याची खालची बाजू मध्यभागी काळी होती, कडेला मात्र चकचकीत तपकिरी पट्टा. काळ्या भागावर आखूड, न फाटलेले काळे तंतू होते, सालीला धरून ठेवणारे. तपकिरी पट्ट्यावर तंतू नव्हते. पाळ्यांच्या कडेलाही केस नव्हते.

एवढ्यावर नाव जवळजवळ ठरलं: फ्लाव्होपार्मेलिया कॅपेराटा. इथले लोक याला ग्रीनशील्ड, म्हणजे हिरवी ढाल, म्हणतात. कार्ल लिनियसनं १७५३ साली याचं वर्णन केलं, तेव्हा सगळी शैवाकं 'लायकेन' या एकाच प्रजातीकुळात होती. 'कॅपेराटा' म्हणजे सुरकुतलेली. पुढे स्मिथसोनियन संस्थेतल्या मेसन हेल यांनी १९८६ साली फ्लाव्होपार्मेलिया हे वेगळं कुळ केलं. याच हेल यांनी आमच्यापासून फार लांब नसलेल्या पोटोमॅक नदीच्या परिसरात शैवाकांच्या वाढीची वर्षानुवर्षं छायाचित्रं काढून मोजमापं केली होती.

फसवणारे चुलतभाऊ

नाव पक्कं करण्याआधी शेजारच्या झाडांवरचे चुलतभाऊ तपासावे लागतात. आमच्या भागात हे चार जास्त भेटतात.

पंक्टेलिया रुडेक्टा: निळसर राखाडी. वरच्या बाजूला पांढरे ठिपके, जणू मीठ भुरभुरलंय. ही हवा आत-बाहेर जाण्याची छिद्रं. मध्यभागी दाट खुंट. उलटी बाजू फिकट बदामी. ओकवर कॅपेराटाच्या शेजारीच अनेकदा असतं आणि भिजल्यावर दोघांत गल्लत होते.

पार्मेलिया सल्काटा: राखाडी, पृष्ठभागावर पांढऱ्या रेघांची जाळी, ठोकलेल्या पत्र्यासारखी. पीठ त्या रेघांवरूनच फुटतं. उलटी बाजू कडेपर्यंत काळी.

पार्मोट्रेमा हायपोट्रोपम: राखाडी, साडीच्या निऱ्यांसारख्या लाटा असलेल्या रुंद पाळ्या. कडेला पापण्यांसारखे काळे केस आणि उलट्या बाजूला कडेशी पांढरे डाग.

फ्लाव्होपार्मेलिया बाल्टिमोरेन्सिस: कॅपेराटाची सख्खी बहीण, रंगानं हुबेहूब. पण ही खडकावर राहते आणि हिच्या अंगावर पीठ नसतं, फोडांसारखे उंचवटे असतात. नाव आमच्या बाल्टिमोरवरून. दगडावरचं फूल म्हणायचं तर ते हिलाच शोभेल.

एक थेंब ब्लीच

शंका उरलीच तर रसायनांची मदत. विल्यम नायलँडर या फिनिश शास्त्रज्ञानं १८६६ साली ही पद्धत रूढ केली. शैवाकाच्या तुकड्यावर ठरावीक रसायनाचा थेंब टाकायचा आणि रंग बदलतो का बघायचं. त्यातली एक चाचणी घरी होते, कारण तिला कपडे धुण्याचं साधं ब्लीच चालतं.

तोडलेल्या छोट्या तुकड्याची वरची साल ब्लेडनं हलकेच खरवडा. खाली पांढरा कापसासारखा थर दिसेल. दाताच्या काडीच्या टोकानं त्यावर ब्लीचचा कणभर थेंब टेकवा आणि भिंगातून बघा. पंक्टेलिया रुडेक्टा असेल तर तो पांढरा थर क्षणात गुलाबी-लाल होतो, कारण त्यात लेकॅनोरिक आम्ल असतं. कॅपेराटा असेल तर काही होत नाही. आम्ही दोन्ही तुकडे शेजारी ठेवून केलं. माझ्या आठ वर्षांच्या मुलाला एकाचं लाल होणं जेवढं आवडलं, तेवढंच आईला दुसऱ्याचं तसंच राहणं पटलं. "म्हणजे दिसायला सारखे, पण गुण वेगळे," ती म्हणाली. (हे झाडावर करू नका, घरी आणलेल्या तुकड्यावर करा. ब्लीच दुसऱ्या कशातही मिसळू नका. पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि पॅराफेनिलीनडायमीन या बाकीच्या चाचण्या प्रयोगशाळेसाठी ठेवा. दोन्ही अंगाला घातक आहेत.)

मग आईचं दगडफूल?

आता मसाल्याचा प्रश्न. मी स्वयंपाकघरातून दगडफुलाचं पाकीट आणलं, इथल्या भारतीय दुकानातलं, आणि वर्तमानपत्रावर ओतलं. जी तपासणी ओकवरच्या शैवाकाची केली तीच याची.

रंग: राखाडी-पांढरा, पिवळसर झाक नाही. पाळ्या: दोन तऱ्हांच्या. काही रुंद आणि लाटा असलेल्या, काही अरुंद पट्ट्यांसारख्या. उलटी बाजू काळी. कडेला काळे केस. म्हणजे पाकिटात एक नव्हे, दोन तरी जातींचं मिश्रण होतं. बाजारात दगडफूल म्हणून येतं ते बहुतेक असंच असतं: पार्मोट्रेमा कुळातले रुंद आणि हिमालयात पूर्वी एव्हर्नियास्ट्रम म्हटले जाणारे अरुंद, दोन्ही एकत्र. आणि त्या ढिगात आणखी काहीतरी होतं. आईनंच ते वेचून बाजूला काढलं. "हे बघ, साल आहे."

दगडाचा एक कण नव्हता. सालीचे तुकडे मात्र होते. कारण आपलं दगडफूल मोठ्या प्रमाणात झाडांवरूनच येतं. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात बांज नावाचा ओक वाढतो, त्याच्या फांद्यांवरचं शैवाक गावकरी गोळा करतात, व्यापारी विकत घेतात आणि ते देशभरच्या मसाल्यात जातं. चाळीस वर्षं दगडफूल वापरणाऱ्या आईला हे नवीन होतं, आणि मलाही. मेरीलँडच्या ओकवर तिला ओळखीचं काही दिसलं, ते उगाच नव्हतं. दोन्ही एकाच पार्मेलिएसी घराण्यातली आणि दोन्ही ओकवर राहणारी.

पण घराणं एक म्हणून ताटात घ्यायचं नाही. कॅपेराटाच्या सालीतलं ते उस्निक आम्ल आठवतं ना? ते असलेल्या वजन घटवण्याच्या गोळ्यांनी काही लोकांच्या यकृताला गंभीर इजा झाली आणि २००१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्याबद्दल इशारा दिला होता. मसाल्यातलं प्रमाण गोळीएवढं नसेल, पण जे पिढ्यान्‌पिढ्या कोणी खाल्लेलं नाही ते आपण का सुरू करावं? शिवाय शैवाकाला मुळं नसतात. लागेल ते सगळं ते पावसातून आणि हवेतून घेतं, त्यात गाड्यांच्या धुरातले जड धातूही आले. आमचा ओक रस्त्यापासून तीस पावलांवर आहे.

आईनं तो सकाळचा तुकडा परत झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवला. मसाला पाकिटातल्या दगडफुलाचाच झाला.

आणि ओकचं काय?

शैवाकाचे ते काळे तंतू मुळं नाहीत. ते सालीच्या वरच्या मृत थरालाच धरतात, झाडाचा रस घेत नाहीत. झाड त्यांच्यासाठी फक्त उभं राहायची जागा आहे, कुंपण किंवा जुनं बाक असतं तशी. मग वाळलेल्या फांद्यांवर शैवाक जास्त का दिसतं? कारण पानं गळली की तिथं ऊन जास्त पोचतं आणि शैवाकाला ऊन हवं असतं. फांदी आधी मरते, शैवाक नंतर फोफावतं. लोकांना उलटं वाटतं.

उलट कॅपेराटाचं असणं हवेबद्दल बरं बोलतं. १८६६ सालीच नायलँडरनं पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली शैवाकं शहराच्या हवेनं नाहीशी होत असल्याची नोंद केली होती. १९७० साली इंग्लंडमध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी झाडावर कोणती शैवाकं आहेत त्यावरून हवेतल्या सल्फर डायऑक्साइडचा अंदाज बांधण्याची पट्टीच तयार केली. कोळशाच्या दाट धुरात जी टिकत नाहीत त्यांत कॅपेराटा होती. इंग्लंडात राहणाऱ्या वाचकांनी आपल्या बागेतले ओक जरूर बघावेत. धूर कमी झाल्यावर ती तिथं परतली आहे.

तरी फांदी का वाळली, हा प्रश्न होताच. म्हणून झाडांच्या आरोग्याचं शिक्षण घेतलेल्या एका जाणकार बाईंना बोलावलं. त्यांनी चकत्यांकडे एकदा बघितलं आणि गुडघ्यावर बसून बुंध्याशी रचलेला लाकडाचा भुसा उकरायला लागल्या. दरवर्षी वसंतात आम्हीच तो हौसेनं झाडाभोवती डोंगरासारखा रचत होतो. त्याखाली साल ओलसर होऊन कुजायला लागली होती आणि एक मूळ खोडाभोवती फास घालून वाढलं होतं. भुसा काढला, मूळ कापलं, वाळलेली फांदी उतरवली. झाड तोडलं नाही. यंदाच्या मे महिन्यात त्याला पालवी नेहमीसारखी आली.

रोग नव्हता असं नाही. तो शैवाकात नव्हता, आणि शैवाकाकडे बोट दाखवून झाड तोडलं असतं तर खरं कारण कधी कळलंही नसतं. पुढचं झाडही आम्ही त्याच हौसेनं मारलं असतं.

पुण्यात जाणं झालं तर आघारकर संशोधन संस्थेची आठवण ठेवा. तिथं डॉ. पटवर्धन आणि डॉ. ऊर्मिला माखिजा यांनी पश्चिम घाटातल्या शैवाकांवर अनेक वर्षं काम केलं आहे. महाबळेश्वरला गेलात तर स्ट्रॉबेरीच्या आधी झाडांच्या खोडांकडे बघा. आईनं हे मनावर घेतलंय. परत जाताना माझं भिंग ती पर्समध्ये टाकून घेऊन गेली, आणि मागच्या आठवड्यात तिनं सोसायटीतल्या आंब्याच्या खोडाचा फोटो पाठवलाय. खाली लिहिलंय, "हे सालीला घट्ट चिकटलंय, उचलता येत नाही. उलटं कसं बघू?"

उलटं बघता येणार नाही. ते रंग फासल्यासारखं वाढणारं आहे, त्याची ओळख वेगळ्या रीतीनं पटवावी लागते. ती पद्धत पुढच्या लेखात. तोवर तुमच्या अंगणातल्या झाडांवर काय सापडलं ते कळवा. फोटो काढताना कोरडी वरची बाजू, उलटी बाजू आणि शेजारी एक नाणं, एवढं मात्र ठेवा.